विरजण

दिवा मालवून आणि दाराला कडी घालून माणूस खोलींतून बाहेर पडला म्हणजे त्या खोलींतील त्याचा कारभार आटोपला, असें समजण्याची आपणां सर्वांना संवय आहे. कचेरींतील खुर्ची रिकामी दिसली कीं साहेब नाहींत. ओसरीवर चपला दिसल्या नाहींत कीं पाहुणे गेले. जगाचे बहुतेक व्यवहार ह्या चपलांच्या साक्षीवरच चालतात, आणि आमचेही तसेच चालत. परंतु ही साक्ष किती खोटी असूं शकते हें आम्हांला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं एका संगणकानें शिकविलें. आणि त्या शिकवणीची किंमत आमच्याकडून नव्हे, तर दुसऱ्याच कोणाकडून वसूल झाली. म्हणूनच ती हकीकत आज लिहून काढण्याचें योजिलें आहे.

आम्ही तेव्हां एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत होतों. साल २०१८. विभागाच्या एका कोपऱ्यांतील थंड खोलींत एक मोठा सामाईक संगणक असे. तो कोणा एकाचा नव्हता. आठ-दहा विद्यार्थी व तीन-चार अध्यापक आपापल्या टेबलावरून किंवा घरून त्याच्याशीं जोडले जात, आपलें नांव व परवलीचा शब्द सांगून आंत शिरत, काम झालें कीं निरोप घेऊन बाहेर पडत. प्रत्येकाचें खातें निराळें, प्रत्येकाची कोठी निराळी. ह्या धर्मशाळेची किल्ली वडीलकीच्या मानानें आमच्याकडे आली होती. किल्ली म्हणजे ‘रूट’ नांवाचें खातें. इतर सर्वांना केवळ आपलींच कामें थांबवितां येतात; रूटला कोणाचेंही काम पाहतां येतें आणि कोणाचेंही काम क्षणांत बंद करतां येतें. ज्ञान बेताचें आणि अधिकार पूर्ण, असा हा योग होता. असा योग संस्थानिकांच्या पत्रिकेंत असे, असें आम्ही ऐकून होतों. तो आमच्याही पत्रिकेंत निघाला.

आंत शिरलेला माणूस बाहेर पडला कीं त्याचीं कामेंही त्याच्यामागोमाग जावींत, हा ह्या यंत्रांचा मूळचा शिरस्ता आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळांत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं युनिक्स नांवाची जी कार्यप्रणालि घडविण्यास आरंभ केला, तिच्याशीं लोक पुष्कळदां टेलिफोनच्या तारेनें जोडले जात. पलीकडच्या माणसानें फोन ठेवला कीं त्यानें सुरू केलेल्या प्रक्रियांना ‘हँगअप’ नांवाचा इशारा जाई आणि त्या गाशा गुंडाळीत. रीत रास्तच होती. धनी निघून गेल्यावर गड्यांनीं रिकाम्या घरांत धुडगूस घालूं नये. परंतु कांहीं कामें मुळांतच लांबलचक असतात. त्यांच्यासाठीं ‘नोहप’ नांवाची एक आज्ञा निघाली. ही आज्ञा कामाच्या आधीं जोडली कीं तें काम हँगअपचा इशारा मनावर घेत नाहीं. धन्यानें घरीं जाऊन खुशाल झोपावें. काम चालूच राहतें.

अशा रीतीनें धनी गेल्यावर मागें राहणाऱ्या प्रक्रियांची एक स्वतंत्र सृष्टीच त्या यंत्रांत वसलेली असते, आणि तिच्यांतील नातींगोतीं आपल्याला परकीं वाटत नाहींत. प्रत्येक प्रक्रियेला जन्म देणारी दुसरी प्रक्रिया असते. जन्मदात्री आधीं संपली तर पोरक्या लेंकराला बहुधा पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया आपल्या ओटींत घेते; ही सर्वांच्या आधीं जागी होते आणि सर्वांच्या शेवटीं झोपते. उलट, एखादी प्रक्रिया संपली, पण जन्मदात्रीनें तिच्या शेवटाची दखलच घेतली नाहीं, तर ती यादींत नुसती नांवापुरती घुटमळत राहते. तिला ‘झाँबी’ म्हणतात. ती काळ खात नाहीं, स्मरण व्यापीत नाहीं, आणि तिला मारतांही येत नाहीं, कारण ती आधींच मेलेली असते. तिची जन्मदात्रीही संपली म्हणजे मग पहिल्या क्रमांकाची ती माउली तिला पदरांत घेऊन तिचें राहिलेलें क्रियाकर्म उरकते आणि यादींतून तिचें नांव पुसलें जातें. युनिक्सच्या कर्त्यांना गरुडपुराण ठाऊक असण्याचें कांहीं कारण नव्हतें. पण व्यवस्था पाहावी तर तीच! शिवाय कोणाच्याही उपस्थितीची वाट न पाहतां सदा मागें राबणाऱ्या ज्या प्रक्रिया, त्यांना ‘डीमन’ म्हणतात. हें नांव एमआयटीच्या मंडळींनीं १९६३ च्या सुमारास रूढ केलें, तें मॅक्सवेलच्या त्या सुप्रसिद्ध भुतावरून. भांड्याच्या दारावर बसून जलद रेणु एकीकडे व मंद रेणु दुसरीकडे निवडणारें तें भूत आम्ही तीस वर्षें मुलांना शिकवीत आलों होतों. तें आमच्याच संगणकांत नांदत आहे ह्याचा आम्हांला पत्ता नव्हता.

जुलै महिना होता. पावसानें खिडक्या बंद, आणि संगणक कांहीं केल्या चालेना. दर थोड्या वेळानें तो जणूं श्वास रोखून धरी. टंकलेलें अक्षर पडद्यावर उमटण्यास दहा-दहा सेकंद लागत. दोघे विद्यार्थी तक्रार घेऊन आले. आम्हीं किल्ली काढली आणि चालू कामांची यादी मागविली. ही यादी आपण होऊनच अशी लागते कीं गणनयंत्राचा सर्वांत अधिक वेळ घेणारें काम सर्वांच्या वर. सर्वांत वर एका विद्यार्थिनीचें नांव होतें. एक काम, तेवीस दिवसांपासून चालू, वेळेचा हिशेब बत्तीस हजारांहून अधिक मिनिटांचा, आणि एका गणनयंत्राचा शेंकडा नव्याण्णव भाग त्यानें अडविलेला. मग आम्हीं दुसरी यादी मागविली: ह्या घटकेस आंत कोण कोण आहे? तींत तिचें नांव नव्हतें. ती चार दिवसांपूर्वींच गांवीं गेल्याचें विद्यार्थी म्हणाले. म्हणजे चपला नव्हत्या.

चोर सांपडला असें आम्हांला वाटलें. मुलें कामें सुरू करतात, विसरतात आणि निघून जातात, असें एक वाक्यही आम्हीं त्या दोघांसमोर उच्चारलें. काम बंद करण्याच्या आज्ञेला आंकडा जोडावा लागतो, आणि आम्हांला एकच आंकडा पाठ होता: नऊ. तो आम्हीं जोडला. यादींतील ती ओळ तत्क्षणीं नाहींशी झाली. आम्हीं चहा मागविला.

अर्ध्या तासानें संगणकानें पुन्हां श्वास रोखला. आम्हीं दोष तारेवर ढकलला आणि छत्री उचलून घरीं आलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं ही कामगिरी घरांत सांगितली. सौभाग्यवती ओट्याशीं उभ्या राहून कोमट दुधांत विरजण घालीत होत्या. त्यांनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, “ती मुलगी आहे कुठं?”

“कोंकणांत, गांवीं. लावणीचे दिवस आहेत.”

“मग काम लावून गेली असेल.”

“लावून म्हणजे?”

“अहो, मी आतां हें झांकून ठेवीन आणि जाऊन झोपेन. मध्यरात्रीं तुम्ही पाणी प्यायला उठलांत, आणि ही बाई तर झोपली, मग हें पातेलं इथं कशाला अडलंय, असं म्हणून मोरींत ओतून द्याल का?”

आम्ही हंसलों. पण त्या पातेल्यावर झांकण ठेवून आंत गेल्या, आणि आम्ही बराच वेळ त्या झांकणाकडे पाहत बसलों. त्या रात्रीं झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं इतर कोणी येण्यापूर्वीं आम्ही त्या थंड खोलींत जाऊन बसलों आणि जें काम मारण्यापूर्वीं करावयाचें तें मारल्यानंतर केलें, म्हणजे तें काम काय होतें हें पाहिलें. लोहचुंबकाचे असंख्य कण एका जाळीवर मांडलेले. प्रत्येकाचें तोंड वर किंवा खालीं. तापमान कणाकणानें उतरवीत न्यावयाचें आणि कोणत्या क्षणीं ते सारे एका दिशेस वळूं लागतात तें टिपावयाचें, असें तें गणित होतें. तो क्षण जसजसा जवळ येतो तसतसें हें गणित मंदावतें, हें आम्ही वर्गांत फळ्यावर लिहून दाखवीत असूं. तिच्या नोंदीवरून तें अगदीं त्या क्षणाच्या तोंडाशीं येऊन पोंचलें होतें. आणखी पांच दिवस, फार तर सहा. दूध दह्यांत पालटण्याच्या ऐन बेतांत आम्हीं पातेलें उपडें केलें होतें. सौभाग्यवतींनीं पदार्थविज्ञान शिकलेलें नसतां त्यांची उपमा आमच्या समजुतीपेक्षां अधिक शास्त्रशुद्ध निघाली.

एवढ्यानें भागलें नाहीं. आदल्या दिवशीं त्या दोन विद्यार्थ्यांना कामाला दाखविलेली यादी तशीच पडद्यावर उघडी राहिलेली होती. तींत प्रत्येक कामापुढें एक छोटा आंकडा असतो. त्याला ‘नाइस’ म्हणतात. तो त्या कामाच्या विनयाचा आंकडा. उणे वीसपासून एकोणीसपर्यंत तो असूं शकतो, आणि जितका मोठा तितकें तें काम इतरांना वाट देतें. त्या मुलीनें आपल्या कामाला एकोणीस हा आंकडा लावला होता. म्हणजे दुसऱ्या कोणाला गणनयंत्र हवें असेल तर आपण बाजूला सरावयाचें, आणि कोणालाच नको असेल तेव्हां आपलें चार दाणे दळून घ्यावयाचें. शेंकडा नव्याण्णव हा आंकडा तिच्या उर्मटपणाचा नव्हता. तेवढा वेळ कोणीच मागत नव्हतें, एवढाच त्याचा अर्थ. आम्हीं पंगतींतून नेमका सर्वांत शेवटीं बसलेला माणूस उठविला होता.

मग संगणक अडत होता तो कोणामुळें? ह्या वेळीं आम्हीं तीच यादी व्यापलेल्या स्मरणाच्या क्रमानें लावून घेतली. वर तीन ओळी आल्या. तिन्ही आमच्या नांवावर होत्या. महिन्यापूर्वीं एका विद्यार्थ्याकडून आम्हीं नोहपची युक्ति शिकलों होतों आणि नव्या मंत्राच्या हौसेनें तो प्रत्येक कामाला जोडीत सुटलों होतों. घरून आलेख काढण्यासाठीं उघडलेल्या आमच्या तीन ‘नोटबुकें’, म्हणजे संगणकावरील वह्या, आम्ही पडदा मिटून निघून गेल्यावरही चालूच होत्या. दर दहा मिनिटांनीं त्या मापनांचीं प्रचंड कोष्टकें उलगडीत आणि कोणीही न पाहणारा आलेख पुन्हां नवा काढीत. त्यांना जागा पुरेना म्हणून यंत्र इतरांच्या गोष्टी स्मरणांतून उचलून चकतीवर नेऊन ठेवी व पुन्हां आणी. ह्या ओढाताणींत त्याचा श्वास रोखला जाई. ओढाताणींत गणनयंत्र रिकामेंच बसून असतें, त्यामुळें गणनवेळेच्या यादींत आम्ही तळाशीं, साळसूद. मुलें कामें सुरू करतात, विसरतात आणि निघून जातात, हें आमचें वाक्य अक्षरशः खरें होतें. फक्त त्यांतला कर्ता चुकला होता. आम्हीं त्या तिन्ही वह्या बंद केल्या. संगणक वाऱ्यासारखा धांवूं लागला.

येथपर्यंतची हकीकत अज्ञानाची आहे, आणि अज्ञान सांगण्यास फारशी लाज वाटत नाहीं. ह्यापुढची तशी नाहीं.

आठवड्यानें ती मुलगी परत आली. हातांना अजून चिखलाचा काळसरपणा होता. दारांत उभी राहून तिनें विचारलें, “सर, माझं गणित मध्येंच थांबलंय. कांहीं झालं होतं का?”

आणि आम्ही म्हणालों, “वीज गेली होती.”

हें उत्तर आम्हीं योजलेलें नव्हतें. तें आमच्या तोंडून असें निघालें कीं जणूं कोणी आंत बसून बोललें. ती म्हणाली, “मग इलाज नाहीं. मी प्रोग्रॅममध्यें सोय ठेवली होती सर. पंधराचा इशारा आला असता तर सगळं जपून ठेवूनच तो बंद झाला असता. पण वीज गेल्यावर तो काय करणार?” आणि ती कामाला गेली.

पंधरा म्हणजे काय तें आम्हीं मागाहून पाहिलें. काम बंद करण्याच्या आज्ञेला कोणताच आंकडा जोडला नाहीं तर पंधराचा इशारा जातो. त्याचा अर्थ: आतां आवरतें घ्या. तो ऐकून प्रक्रियेला आपलें सामान बांधतां येतें, लिहिलेलें मिटून ठेवतां येतें, मग ती जाते. नऊचा इशारा तिच्या कानांवर पडतच नाहीं. तिच्या अस्तित्वाखालचा पाटच काढून घेतला जातो. आम्हीं आंकडा जोडण्याचे श्रम घेतले नसते तर तिचे तेवीस दिवस वांचले असते.

विभागांत एक जाड नोंदवही होती. ज्यानें त्यानें आपल्या कामाची ओळ तींत लिहावी. दोन दिवसांनीं तिच्या अक्षरांतील ओळ आम्हीं वाचली: ‘तेविसाव्या दिवशीं गणित थांबलें. संगणक १४० दिवस अखंड चालू आहे. स्मरण अपुरें पडल्याची नोंद नाहीं. पहिल्यापासून पुन्हां सुरू.’ ह्या चार लहान वाक्यांत सारा न्यायनिवाडा होता. यंत्र १४० दिवस चालू होतें. अर्थात् वीज गेलेली नव्हती. जागा संपल्यामुळें यंत्रानें आपण होऊन काम बंद केलें असतें तर तशी नोंद सांपडली असती. मग तें काम एक तर तिनें स्वतः मारलें, नाहीं तर ज्याच्याजवळ किल्ली आहे त्यानें. ओळीखालीं कोणाचेंही नांव नव्हतें. लिहिण्याची गरजही नव्हती. आम्हीं वही मिटली आणि कांहीं बोललों नाहीं. ती रोज भेटे, नमस्कार करी. तीही कांहीं बोलली नाहीं.

पुढें कळलें कीं, मागें राहिलेलें काम हें काम समजावें कीं केर समजावा ह्या प्रश्नावर आमच्यापेक्षां पुष्कळ जाणत्या मंडळींतही मोठा खल झाला होता. लिनक्सच्या अनेक यंत्रांत कारभार पाहणारा ‘सिस्टिमडी’ नांवाचा कार्यक्रम आहे. २०१६ च्या मे महिन्यांत त्याच्या २३० व्या आवृत्तींत असा नियम आला कीं, माणूस बाहेर पडला कीं त्याच्या मागें राहिलेल्या सर्व प्रक्रिया बंद कराव्या. ज्याला काम मागें चालू ठेवावयाचें असेल त्यानें ‘लिंगर’, म्हणजे रेंगाळण्याची परवानगी घ्यावी. कर्त्यांचें म्हणणें असें कीं, गेलेल्यांच्या विसरलेल्या प्रक्रिया यंत्र अडवून बसतात. केर काढलाच पाहिजे. नोहपवर विसंबून रात्रभराचीं कामें लावणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, चाळीस-पन्नास वर्षांचा शिरस्ता मोडून तुम्ही आमचीं घरें झाडतां कोणाच्या आज्ञेनें? डेबियनसारख्या वितरकांनीं तो नियम आपल्यापुरता फिरवून जुनाच कायम ठेवला. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. आमच्या त्या तीन वह्या म्हणजे पहिल्या पक्षाचा पुरावा आणि त्या मुलीचें गणित म्हणजे दुसऱ्याचा. आणि यादींत दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. केर कोणता व विरजण कोणतें हें यंत्राला कळत नाहीं. तें ज्यानें लावलें त्यालाच ठाऊक असतें, आणि तो तेथें नसतो. म्हणून विचारावें लागतें. आम्हांला पोस्टकार्डाइतका मजकूर तिला पाठवून एक दिवस थांबतां आलें असतें. रूटला काय काय करतां येतें ह्याची यादी मोठी आहे. थांबणें हें तिच्यांत कोणी लिहीत नाहीं.

एक वर्षानें तिचा प्रबंध पुरा झाला. पेढे घेऊन ती आमच्या खोलींत आली. पेढा हातांत असतांनाच आम्ही म्हणालों, “गेल्या जुलैंत वीज गेली नव्हती.”

“माहीत आहे, सर.”

“मग बोलली कां नाहींस?”

ती जराशी थांबली. “तुम्ही कधीं सांगतां त्याची वाट बघत होतें.”

वर्षभर दोघांच्याही मागें एक काम चालू होतें तर! आमचें खोटें कोणाला दिसत नव्हतें, पण जागा व्यापून बसलें होतें. तिच्याशीं प्रत्येक बोलणें क्षणभर अडखळे तें त्याच्याचमुळें. आम्हीं क्षमा मागितली. तिनें मान हलविली आणि आणखी एक पेढा पुढें केला. तिच्या नव्या प्रोग्रॅमांत दर सहा तासांनीं सारें जपून ठेवण्याची सोय होती, असें तिनें जातां जातां सांगितलें. तें आम्हांला दिलाशासाठीं होतें कीं धड्यासाठीं, हें आम्हीं विचारलें नाहीं.

२०२१ सालीं आम्ही निवृत्त झालों. किल्ली आमच्यामागून आलेल्या तरुण अध्यापकांच्या हातीं देतांना तिच्याबरोबर एक चिठ्ठी दिली. आधीं विनयाचा आंकडा पाहा, मग धन्याला विचारा, उत्तराची वाट पाहा, मग पंधरा, पुन्हां वाट पाहा, आणि नऊ अगदींच शेवटीं. निवृत्तीनंतर कित्येक दिवस आम्ही पहांटे पांचला जागे होत असूं आणि डोळे मिटूनच पहिल्या तासाचें व्याख्यान मनांत मांडीत असूं. खातें बंद झालें, तरी काम चालूच.

दोन महिन्यांनीं एका दुपारीं त्या तरुण अध्यापकांचा फोन आला. “सर, तुमच्या नांवावर एक काम अजून चालू दिसतंय. बराच काळ झाला. बंद करूं का?”

तें कोणतें काम, केव्हां लावलें, कशासाठीं, ह्यांतलें कांहींच आम्हांला आठवेना. त्यांनीं विचारलें, ह्यामुळेंच गळा थोडा दाटून आला.

“पंधरा द्या,” आम्ही म्हणालों.